विमान भरायची वाट बघत नाही

गंगवाल बसस्टँडबाहेर धारला जाणारी गाडी उभी असते. इंजिन चालू, ड्रायव्हर खाली उतरून ओरडतोय, "धार, धार, बस एक सवारी!" ती एक सवारी कधीच शेवटची नसते, हे इंदूरात लहान पोरालाही ठाऊक आहे. सगळ्या जागा भरेपर्यंत, खरं तर भरल्यावर आणखी दोघांना कोंबेपर्यंत, गाडी हलत नाही. आपण आत बसून चरफडतो, पण ड्रायव्हरचा हिशेब पक्का असतो. डिझेल तेवढंच जळणार आहे, मग रिकाम्या जागा कशाला वाहायच्या?

विमान कंपनीला नेमकं हेच करता येत नाही. सकाळी ७.१० म्हणजे ७.१०. आत नऊ माणसं असोत नाहीतर दोन.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या रामबागेतले एक काका. त्यांचा मुलगा रीव्याला नोकरीला आहे. रेल्वेनं जायचं तर एक अख्खी रात्र जाते आणि वर अर्धा दिवस. त्यामुळे लहान गावांना लहान विमानं जोडणार अशी बातमी आली की काका पेपरातलं कात्रण घेऊन कट्ट्यावर हजर. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "अहो, विमान एवढंसं, तिकीट पाच-सात हजाराचं, आणि तरी दोन वर्षांत कंपनी गाशा गुंडाळते. पैसा जातो कुठे?" प्रश्न रास्त आहे. कट्ट्यावर चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे.

आधी विमानं बघू. 'लहान विमान' या दोन शब्दांत बरंच काही कोंबलेलं असतं. सेस्ना ग्रँड कॅरॅव्हॅन: एक इंजिन, नऊ प्रवासी. डॉर्निअर २२८: कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवते, १७ ते १९ जागा. ट्विन ऑटर: १९ जागा आणि अगदी आखूड धावपट्टीवरूनही उडणारं. त्यानंतर एटीआर ७२: सत्तरेक जागांचं, पंख्यांचं, फ्रान्समधल्या तुलूझला तयार होणारं. इंदूरहून जवळच्या शहरांना जाताना यात बहुतेक जण बसलेले असतात आणि मागच्या दारानं चढताना "हे पंखेवालं आहे का?" असं एकदा तरी कुजबुजलेले असतात. त्या पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं. ते हवा मागे फेकण्याऐवजी मुख्यतः पंखा फिरवतं, एवढाच फरक. वेग कमी, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, पण इंधनही फार कमी. एअरबस ए३२० तासाला साधारण चोवीसशे किलो इंधन पिते, एटीआर ७२ सातशेच्या आसपास. शिवाय एटीआरला तेराशे-चौदाशे मीटरची धावपट्टी पुरते. दतिया किंवा रीव्यासारख्या ठिकाणी मोठं जेट उतरवायचं तर जमीन संपादनापासून सुरुवात करावी लागली असती.

मग ही विमानं स्वस्तच पडायला हवीत. पडतात, पण अख्ख्या विमानाचा खर्च बघितला तर. एका खुर्चीचा खर्च काढला की चित्र उलटतं.

डॉर्निअरच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक असतात. १८० जागांच्या एअरबसमध्येही दोनच. तिथे दोन पगार १८० तिकिटांत वाटले जातात, इथे १७ तिकिटांत. विमान तपासून सही करणारा इंजिनिअर लहान विमानाला अर्धा लागत नाही, पूर्णच लागतो. विमा, सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, गोदामात पडून राहणारे सुटे भाग, तिकीट विकणारी संगणक यंत्रणा, कशातही 'लहान आहे, सूट द्या' चालत नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ, माझेच, कुठल्या कंपनीचे नव्हेत. समजा नऊ जागांच्या विमानाच्या एका फेरीला ६०,००० रुपये लागतात आणि सत्तर जागांच्या विमानाच्या फेरीला २,८०,०००. सगळ्या जागा भरल्या तर पहिल्यात माणशी ६,६६७ रुपये, दुसऱ्यात ४,०००. आता तीन-तीन माणसं आली नाहीत असं धरा. सत्तरच्या विमानात कुणाला पत्ताही लागणार नाही, माणशी खर्च दोनशेनंही वाढत नाही. नऊच्या विमानात तो थेट १०,००० वर गेला. म्हणजे एका घरातल्या तिघांनी लग्नाला जाणं रद्द केलं की त्या दिवशीचा धंदा बसला.

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं वजनात आहे, आणि ते मी स्वतः अनुभवलंय. एकदाच तसल्या चिमुकल्या विमानात बसलो. चेक-इनला बॅग काट्यावर ठेवली, ठीक. मग तिथली मुलगी म्हणाली, "सर, आता तुम्ही." मला वाटलं थट्टा करतेय. पण मागे रांगेत उभ्या असलेल्या एक मावशीही पर्स छातीशी धरून त्याच काट्यावर चढल्या, आणि आकडा कुणी मोठ्यानं वाचू नये म्हणून आधीच डोळे वटारून राहिल्या. नंतर जागा आपल्या पसंतीची नाही, वजनाप्रमाणे: "तुम्ही पुढे बसा, तुम्ही मागे." मोठ्या विमानात प्रवाशांचं सरासरी वजन धरून चालतं, इथे दहा किलोनंही तोल बदलतो. कॅरॅव्हॅनचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन चार टनांच्या आतबाहेर असतं. टाकी काठोकाठ भरली तर सगळ्या खुर्च्या भरता येत नाहीत, आणि खुर्च्या भरल्या तर इंधन कमी घ्यावं लागतं, म्हणजे लांब जाता येत नाही. त्यात इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीसवर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. मग आणखी एखादी जागा रिकामी सोडायची. कागदावर नऊ जागा, विकायला सहा.

आता सरकार यात कुठे येतं ते बघू. 'उडान' म्हणजे 'उडे देश का आम नागरिक'. योजना २०१६ ची, पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली. त्याच दिवशी नांदेड–हैदराबादही सुरू झालं, मराठवाड्यातल्या लोकांना ते चांगलं आठवत असेल. विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या, म्हणजे पाचेकशे किलोमीटरच्या, प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपये होती. त्या जागांवर कंपनीला जो तोटा होईल तो सरकार भरून देणार. याला व्हायबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात. साध्या मराठीत, तुटीची भरपाई. कुठल्या मार्गावर किती भरपाई लागेल याची बोली लागते आणि सगळ्यात कमी मागणाऱ्याला मार्ग मिळतो. भरपाई तीन वर्षं, आणि त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कुणाला परवानगी नाही.

हे पैसे येतात कुठून? मोठा वाटा तुमच्याआमच्या खिशातून. गजबजलेल्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर एक आकार बसवला गेला. सुरुवातीला तो अंतराप्रमाणे ७,५०० ते ८,५०० रुपये होता. दीडशे प्रवाशांत वाटला तर माणशी पन्नासेक रुपये. राज्यंही भरपाईतला २० टक्के भाग उचलतात. म्हणजे इंदूर–मुंबई विमानात बसलेला सराफ्यातला व्यापारी नकळत कुणाच्या तरी दूरच्या गावच्या तिकिटात भर घालत असतो. मला यात वावगं वाटत नाही. एसटीच्या खेड्यातल्या फेऱ्याही अशाच चालत आल्या.

करातही सवलती आहेत, आणि त्या 'उडान'च्याही आधीच्या. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, राज्यं त्यावर व्हॅट लावतात. कुठे १ टक्का, कुठे ३० च्या घरात. भारतात विमान कंपनीच्या खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग इंधनाचा, त्यामुळे हा फरक जीवघेणा. पण ४० टनांहून हलक्या विमानांनी नियमित सेवेसाठी घेतलेल्या इंधनावर राज्यांना मोजकाच कर लावता येतो, केंद्रीय विक्रीकर कायद्यानं तशी मर्यादा घातली आहे. आणि ८० पेक्षा कमी जागांच्या विमानांना सरकारी विमानतळांवर उतरण्याचा आकार माफ असतो. एटीआर ७२ आणि ७६-७८ जागांची विमानं आपल्याकडे एवढी लोकप्रिय का, याचं एक उत्तर या ८० च्या रेषेत आहे.

एवढं असूनही टिकतं किती? महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात 'उडान'च्या मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला. दिलेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ नी. आणि भरपाई थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत उडत राहिले फक्त ५४. हे आकडे काकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ कपबशीत बघत राहिले.

यातले बरेच मार्ग कागदावरच राहिले कारण विमानतळ तयार नव्हता. ते समजण्यासारखं आहे. सुरू झालेले का पडले, हे जास्त शिकवणारं आहे.

जळगावचं घ्या. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कननं मुंबई–जळगाव सुरू केलं, १८ जागांच्या बीचक्राफ्ट विमानानं. कंपनी मुळात कॅप्टन गोपीनाथांची, ज्यांनी २००३ मध्ये याच नावानं देशातली पहिली स्वस्त विमानसेवा आणली होती. खानदेशात कौतुक झालं. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी खरं तर एकच वापरात असते. प्रत्येक मिनिटाला मागणी. १८ जागांचं विमान धावपट्टी तितकाच वेळ अडवतं जितका १८० जागांचं, किंबहुना जास्तच. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे उठतात, लहान विमान त्यात सापडलं तर उलटू शकतं, म्हणून त्याला मागे जास्त अंतर ठेवावं लागतं. अशा विमानतळावर सोयीची वेळ लहान विमानाच्या वाट्याला येत नाही. भलत्याच वेळी पोचणाऱ्या विमानानं मुंबईत एका दिवसात काम आटोपून परत कोण येणार? एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या लाटेत कंपनीनं काम थांबवलं.

म्हणूनच मला फ्लाय९१ ची चाल शहाणपणाची वाटते. नावातले ९१ म्हणजे आपला फोनचा कोड. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं ठाण मांडलं ते मुंबईत नाही, गोव्यात मोप्याला. सगळी विमानं एकाच जातीची, एटीआर ७२. सिंधुदुर्ग, जळगाव, पुढे सोलापूर. एकाच जातीचं विमान ठेवलं की सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात आणि कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर बसवता येतो. आपल्याकडच्या कंपन्यांची जुनी चूक म्हणजे चार विमानं आणि तीन जाती.

आमच्या इंदूरनं हे जवळून पाहिलंय. १३ मार्च २०२२ ला इंदूर–गोंदिया–हैदराबाद सुरू झालं, तेव्हा विदर्भात माहेर असलेल्या निम्म्या इंदूरच्या तोंडी तोच विषय होता. गोंदियाजवळचा बिरसीचा विमानतळ ब्रिटिशांच्या काळातला. तिथे वैमानिक घडवणारी शाळा आहे, पण तिकीट काढून जाता येईल असं विमान नव्हतं. सेवा फार टिकली नाही. पुढे दुसरी कंपनी आली आणि गोंदिया–हैदराबाद पुन्हा जोडलं गेलं. या धंद्यात असंच चालतं. कंपनी जाते, मार्ग काही काळ पडून राहतो, मग दुसरी कुणीतरी तो उचलते.

वैमानिकांचं दुखणं वेगळंच. व्यावसायिक परवाना २०० तासांच्या उड्डाणावर मिळतो, पण कॅप्टन व्हायला लागणारा वरचा परवाना १,५०० तासांशिवाय नाही. लहान कंपनी नवख्याला घेते, तास भरू देते, आणि तो जरा तयार झाला की मोठी कंपनी दुप्पट पगार दाखवून नेते. म्हणून २०१७ पासून कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक आहे. लहान कंपनीला त्यामुळे थोडा श्वास मिळतो, इतकंच.

आता 'ऑपरेशनल कारणांमुळे'. हे दोन शब्द सकाळी सहाला मोबाइलवर आले की काय होतं ते मला माहीत आहे. एका लहान शहरातून परतताना माझं विमान असंच रद्द झालं. कंपनीचं नाव घेत नाही, कुणाचंही घेता येईल. काउंटरवरचा मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा, त्याला स्वतःलाच काही कळवलेलं नव्हतं. नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरनं या शब्दांच्या पोटात काय काय असतं ते उलगडून सांगितलं.

पहिलं म्हणजे एओजी, विमान जमिनीवर. एखादा सुटा भाग गेला आणि तो दुसऱ्या शहरातून यायचाय. शंभर विमानं असलेली कंपनी दुसरं विमान पाठवते. तीन विमानं असलेल्या कंपनीचं एक बसलं तर वेळापत्रकाचा तिसरा हिस्सा गेला, आणि तेच विमान दिवसभरात पाच गावं करणार असेल तर पाचही गावांत आपल्यासारखे लोक काउंटरवर.

दुसरं म्हणजे डोळे. अनेक लहान विमानतळांवर ढगातून, धुक्यातून खाली आणणारी यंत्रणा नसते. वैमानिकानं धावपट्टी डोळ्यांनी बघूनच उतरायचं. त्यासाठी पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं. जानेवारीत ग्वाल्हेर-दतियाकडे सकाळी समोरचा माणूस दिसत नाही, तिथे पाच किलोमीटर कुठले! वर असं उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे चालत नाही. सकाळी धुक्यानं दोन तास गेले की संध्याकाळची शेवटची फेरी अंधारात सापडते आणि रद्द होते. दुपारी लख्ख ऊन पडलेलं असताना विमान रद्द का, याचं कारण पुष्कळदा सकाळी आठ वाजता घडून गेलेलं असतं. त्यातच लहान विमानतळाचा टॉवर ठरावीक तासच चालू असतो आणि वैमानिकांच्या ड्यूटीचे तासही मोजलेले.

हक्काचं एवढं लक्षात ठेवा. विमान रद्द झालं तर पैसे परत घ्यायचे की दुसरं विमान, हे आपण ठरवायचं, कंपनीनं नव्हे. आयत्या वेळी कळवलं तर तासाभराच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ती भरपाईही मागता येते. धुकं, वादळ अशा कंपनीच्या हातात नसलेल्या कारणांना मात्र ती लागू नाही. म्हणून काउंटरवर भांडण्याआधी कारण लेखी मागा.

मध्य प्रदेश सरकारनं जून २०२४ मध्ये राज्यातल्या राज्यात सहा जागांच्या विमानांची पर्यटन सेवा सुरू केली. भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, रीवा, सिंगरौली, खजुराहो, उज्जैन. इंदूरहून उज्जैनला विमानानं जाणाऱ्याला आमच्या कट्ट्यावर चहा मिळणार नाही, पण रीवा-सिंगरौलीची गोष्ट निराळी. माझ्या मते लहान विमानाची खरी जागा तीच. रस्त्यानं चार-पाच तासांत उरकणाऱ्या गावाला विमान हरतं, कारण घरापासून विमानतळ, तासभर आधी पोचणं, उतरल्यावर रिक्षा, यात वाचलेला वेळ परत जातो. जळगावला जायचं तर इंदूरहून गाडीच बरी. पण जिथे रात्रभर डब्यात लोळून दुसऱ्या दिवशी दुपार होते, तिथे सातशे किलो इंधनाचं काहीतरी सार्थक होतं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित 'उडान'मध्ये दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं जोडायचं जाहीर झालंय. कट्ट्यावर कात्रणं येतच राहणार.

तर नवी सेवा जाहीर झाली की मी काय बघतो? उद्घाटनाचा फोटो नाही. कंपनीकडे विमानं किती आणि किती जातींची. आठवड्यातून किती दिवस. दोनच दिवस असेल तर लोकांना सवय लागत नाही. आणि मंगळवारी किती खुर्च्या भरतात. शुक्रवार-रविवार कुणीही भरून दाखवतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "तिकीट काढलं रे रीव्याचं. मंगळवारचंच काढलं, एक खुर्ची तर भरेल." मी म्हटलं, वा! "आणि परतीचं?" तर म्हणाले, "परतीचं रेल्वेचं काढलंय. थर्ड एसी, लोअर बर्थ."